वायरलेस माउस मध्येच उड्या मारतो, तीन माउस झाले, आता काय करू?

पत्रिकावाला:
नमस्कार मंडळी. सांगलीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स, क्लासवाल्यांची हँडबिलं, सगळं करतो. दिवसाचे दहा-अकरा तास हातात माउस असतो त्यामुळे माझ्यासाठी ही वस्तू म्हणजे शिंप्याची कात्री आहे असं समजा.

दोन महिन्यांपूर्वी वायरचा माउस सोडून वायरलेस घेतला. कारण असं की टेबलावर पत्रिकांच्या सँपलचे जाड अल्बम उघडे पडलेले असतात, गिऱ्हाईक पान उलटतं, पानाखाली वायर सापडते आणि माझा हात ओढला जातो. वायर गेल्यावर टेबल मोकळं झालं, पहिले दोन-चार दिवस फार बरं वाटलं.

पण मग त्रास सुरू झाला. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये नवरदेवाच्या फोटोचं कटिंग करताना फेट्याच्या कडेनं एकेक नोड, म्हणजे बिंदू, टाकत जायचं असतं, तिथे कर्सर मध्येच अर्धा सेकंद थांबतो आणि एकदम बोटभर पुढे जाऊन पडतो. नोड गालावर. कंट्रोल झेड, परत तेच. एका फेट्याला पंधरा मिनिटं लागायची तिथे पाऊण तास लागतोय. दुकानदारानं माउस बदलून दिला, दुसराही तसाच निघाला, मग पदरचे पैसे घालून दुसऱ्या कंपनीचा महाग घेतला, तोही तसाच!! सेल बदलले, पॅड बदललं, ड्रायव्हर काढून परत टाकला. विचित्र म्हणजे सकाळी बरा चालतो, दुपारनंतर जास्त त्रास देतो. गरम होतो म्हणावं तर हाताला काही लागत नाही.

तुळशीच्या लग्नानंतर आमचा सीझन सुरू होतो, त्याआधी हे मिटवायचंय. वायरलेस माउस ही कल्पनाच आमच्या कामाला चुकीची आहे का? खरं सांगा.

रानवारा:
टेबल कसलं आहे? चकचकीत सनमायका किंवा काच असेल तर असं होतं. माउसच्या पोटात एक छोटा कॅमेराच असतो, खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी ताडून कुठे सरकला ते ठरवतो. पृष्ठभागावर बारीक खरखरीतपणा, धागे, दाणे काहीतरी दिसायला हवं. गुळगुळीत काचेवर त्याला पकडायला काहीच मिळत नाही. एक साधा कोरा कागद ठेवून बघा.

पत्रिकावाला:
कापडी पॅड आहे हो, नवीन. कागदावर पण करून बघितलं. फरक नाही.

जोशीकाका६२:
मी बँकेत ३४ वर्षं काढली, कॉम्प्युटर आले तेव्हापासून वायरचा माउस वापरतोय. रबरी गोळीवाला होता तेव्हा दर आठवड्याला खालची चकती फिरवून गोळी काढायची आणि आतल्या रोलरवर मळाची काळी पट्टी बसलेली असायची ती नखानं खरवडायची, एवढंच मेंटेनन्स. सेल नाही, ती कॉम्प्युटरला लावायची बोटाच्या पेराएवढी सोंगटी नाही, हरवायचं काही नाही. तुमचं दुकान एका जागी आहे, तुम्हाला माउस घेऊन कुठे फिरायचंय? वायर टेबलाच्या कडेला क्लिपनं वर बांधा, अल्बमखाली येणार नाही. मनापासून सांगतो, परत वायरवर या.

पत्रिकावाला:
काका, तुमचं पटतंय आणि शेवटी तेच करीन बहुतेक. पण तीन-तीन माउस एकसारखेच खराब कसे निघतील हे डोक्यातून जात नाही.

तांब्याची_तार:
तीन वेगवेगळे माउस सारखंच वागतायत म्हणजे दोष माउसमध्ये नाही, आजूबाजूला आहे. मी पुण्यात एम्बेडेडमध्ये, म्हणजे उपकरणांच्या आतल्या चिप्सवर, काम करतो, याच प्रकारच्या रेडिओ चिप्सवर बरीच वर्षं घालवली आहेत. तीन गोष्टी सांगा:
रिसीव्हर, म्हणजे ती छोटी सोंगटी, नक्की कुठल्या पोर्टात आहे? त्याच्या शेजारच्या पोर्टात काय आहे? आणि दुपारनंतर तुमच्या कामात काय बदलतं? घाईनं उत्तर देऊ नका, टेबलाखाली वाकून बघा आणि मग लिहा.

पत्रिकावाला:
वाकून बघितलं. सीपीयू टेबलाखाली आहे, लोखंडी टेबल आहे, सोंगटी मागच्या बाजूला निळ्या पोर्टात. तिच्या अगदी लगत दुसऱ्या निळ्या पोर्टात मोठी एक्स्टर्नल हार्डडिस्क, २०१२ पासूनच्या सगळ्या डिझाइन्स तिच्यात आहेत. आणि दुपारनंतर... थांबा, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. सकाळी मी नवीन कामं करतो. दुपारी जुनी गिऱ्हाइकं येतात, "थोरल्या मुलीच्या लग्नात केलेली तशीच पत्रिका करा" म्हणतात, मग हार्डडिस्क लावून जुनी फाइल शोधतो. आणि एकदा लावली की रात्री दुकान बंद करेपर्यंत तशीच राहते.

तांब्याची_तार:
सापडलं बहुतेक. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका, उद्या स्वतः करून बघा. हार्डडिस्कवर एक मोठं फोल्डर कॉपीला लावा आणि कोरी फाइल उघडून फ्रीहँडनं हळूहळू गोल काढत राहा. मग कॉपी थांबवून फक्त हार्डडिस्क काढा, बाकी एक गोष्ट हलवू नका, आणि परत गोल काढा. दोन्ही गोल शेजारी ठेवून बघा.

आता का ते सांगतो. तुमचा माउस २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. हा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, याला परवाना लागत नाही म्हणून वायफाय, ब्लूटूथ, वायरलेस कीबोर्ड सगळे इथेच गर्दी करून आहेत, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा इथेच तापतो. तरी गर्दीचं एवढं काही नाही, कारण माउसला सांगायचं फार थोडं असतं. इतका डावीकडे गेलो, इतका वर गेलो, हे बटण दाबलं, बस्स. साधा माउस सेकंदाला १२५ वेळा म्हणजे दर ८ मिलिसेकंदाला हे सांगतो. चिठ्ठी छोटी, तिच्यावर पत्ता, आत काही बाइट, शेवटी मजकूर बरोबर पोचला का ते तपासायचा एक आकडा. रिसीव्हरनं चिठ्ठी घेतली की तो उलट पोच देतो, रजिस्टर पत्राची पोचपावती असते ना अगदी तशी. पोच आली नाही तर माउस तीच चिठ्ठी परत पाठवतो, आणि फारच अडलं तर पट्ट्यातली दुसरी जागा शोधतो.

एक-दोन चिठ्ठ्या गहाळ झाल्या तर तुम्हाला कळणारही नाही. ओळीनं पन्नास-साठ गेल्या की अर्धा सेकंद कर्सर थिजतो, आणि मग एकदम सगळं अंतर एका उडीत पुढे. तुम्ही जे वर्णन केलंय ते शब्दशः हेच आहे.

या चिठ्ठ्या गहाळ कोण करतं, तर शेजारचं यूएसबी ३. त्या निळ्या पोर्टात डेटा सेकंदाला ५ गिगाबिट वेगानं धावतो आणि त्या धावण्याचा रेडिओ गोंगाट रुंद पसरतो, २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यात पुरता सापडतो. हार्डडिस्क, तिची केबल, तिचा कनेक्टर, तिघांमधून तो बाहेर झिरपतो. इंटेलनं २०१२ मध्ये याच विषयावर स्वतंत्र टिपण काढलं होतं, त्यात वायरलेस माउसचंच उदाहरण आहे. तुमच्या इथे रिसीव्हर त्या गोंगाटापासून बोटभर अंतरावर आणि माउस मात्र चार-पाच फुटांवर, मध्ये लोखंडी टेबल आणि तुमचे गुडघे. शरीरात पाणी असतं, तेही या लहरी शोषतं. कानाशी बँड वाजतोय आणि रस्त्यापलीकडून कुणीतरी हळू आवाजात नाव सांगतंय, कसं ऐकू येणार त्याला?

उपाय: यूएसबी २ ची एक साधी एक्स्टेंशन केबल घ्या, एका टोकाला मेल एका टोकाला फिमेल, दीड मीटरची. ती काळ्या पोर्टात लावा आणि रिसीव्हर टेबलावर आणा, माउसपासून वीतभर अंतरावर, मध्ये काही नको. हार्डडिस्क आहे तिथे राहू द्या.

सुमेधा_डी:
हे वाचून अंगावर काटा आला, मागच्या वर्षी मी याच कारणानं दोन माउस कचऱ्यात टाकलेत. लॅपटॉपच्या डाव्या बाजूला दोनच पोर्ट, एकात हब एकात सोंगटी. कुणी सांगितलंच नाही. खोक्यावरही कुठे लिहिलेलं नव्हतं.

लेमनच्या_काठी:
मी स्वित्झर्लंडमध्ये लोझानजवळ राहते, इथून थोड्या अंतरावर ऍपल्स नावाचं लहानसं गाव आहे. १९८१ मध्ये तिथल्या एका शेतघरात लॉजिटेक ही माउस बनवणारी कंपनी सुरू झाली. त्यामुळे या विषयाबद्दल मला आधीपासून ओढ आहे, थोडं जुनं सांगते.

माउस पहिल्यांदा केला तो डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी, कॅलिफोर्नियात, १९६४ मध्ये. लाकडी ठोकळा, खाली एकमेकांना काटकोनात दोन चाकं, वर एक बटण. तेव्हा वायर मागच्या बाजूनं, मनगटाकडून निघायची, शेपटीसारखी. ती हातात यायला लागली म्हणून नंतर पुढच्या बाजूला नेली. म्हणजे बघा, पत्रिकावाले दादांच्या अल्बममध्ये अडकणारी वायर पहिल्याच माउसला नडली होती!

वायर काढून टाकायचा विचारही बराच जुना आहे. १९८४ मध्ये मेटाफर नावाच्या कंपनीच्या कॉम्प्युटरसाठी लॉजिटेकनं बिनवायरीचा माउस केला, तो इन्फ्रारेडवर चालायचा. आपल्या टीव्हीच्या रिमोटसारखं. माउसला रिसीव्हर "दिसायला" लागायचा. टेबलावर मध्ये पुस्तकांची चळत आली की बंद. मग १९९१ मध्ये रेडिओवर चालणारा कॉर्डलेस माउसमॅन आला आणि ती अट गेली.

पण मला तांब्याची_तार यांचं वाचताना असं वाटलं की इन्फ्रारेडच्या काळात अडथळा काय आहे ते डोळ्यांना दिसायचं, उचलून बाजूला ठेवता यायचं. रेडिओत अडथळा दिसत नाही, म्हणून आपण जे हातात आहे त्यालाच खराब म्हणतो. दादांनी तीन माउसना दोष दिला, सुमेधाताईंनी दोन फेकले. किती चांगल्या वस्तू अशा जात असतील.

जोशीकाका६२:
माहिती चांगली आहे, आभार. पण माझा मुद्दा तसाच राहतो. वायरलेस घेतला, मग त्यासाठी परत वायर आणायची, ती टेबलावर ओढायची. मग सरळ वायरचाच का नको?

तांब्याची_तार:
काका, रास्त प्रश्न आहे. फरक एवढाच की एक्स्टेंशनची वायर एका जागी चिकटून राहते, हलत नाही. माउसची वायर हाताबरोबर दिवसभर हलते, अल्बमखाली जाते, आणि तुटते ती बहुतेक वेळा माउसमधून बाहेर पडते तिथेच, वाकून वाकून. बाकी एका जागी बसून काम करणाऱ्यानं वायरचा वापरला तर काहीच चूक नाही, मी स्वतः ऑफिसच्या टेस्ट बेंचवर वायरचाच ठेवतो.

शाळेची_घंटा:
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. काकांच्या बाजूनं एक अनुभव. आमच्या संगणक कक्षाला देणगीत १२ वायरलेस माउस मिळाले, सगळे एकाच मॉडेलचे. मुलांनी पहिल्याच दिवशी अदलाबदल केली, मग एकानं माउस हलवला की पलीकडच्या बाकावरचा कर्सर पळायचा आणि रडारड. मी घरून नेलपॉलिशच्या बाटल्या नेल्या. प्रत्येक सोंगटीवर आणि तिच्या माउसच्या पोटावर सारखे टिपके दिले, एक लाल, दोन लाल, एक हिरवा असे. ते जमलं. पण जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा दोन सोंगट्या गायब आणि चार माउसमध्ये सेल गळून स्प्रिंगवर पांढरट-हिरवा थर. सुट्टीला जाताना सेल काढून ठेवायचे हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, माझ्याही. लहान मुलांच्या कक्षाला वायरचेच माउस द्या, देणगी देणाऱ्यांना हात जोडून सांगते.

तांब्याची_तार:
ताई, अल्कलाइन सेल गळले असतील तर कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन तो थर पुसा, मग कोरड्या कापडानं, आणि दिवसभर उघडं ठेवून वाळवा. स्प्रिंग खाल्ली गेली नसेल तर माउस परत चालेल. हरवलेल्या सोंगटीचं मात्र मॉडेलवर आहे. काही कंपन्यांच्या सोंगट्या वेगळ्या मिळतात आणि परत जोडता येतात, उदाहरणार्थ लॉजिटेकच्या नारिंगी चिन्हवाल्या रिसीव्हरला सहा वस्तूंपर्यंत जोडता येतात. स्वस्त माउसना सोंगटी कारखान्यातच बांधलेली असते, ती गेली की माउस गेला.

शाळेची_घंटा:
उद्याच करते. चारपैकी दोन जरी उठले तरी दोन मुलांचा नंबर लागेल.

अळवाचं_पान:
ब्लूटूथवाला माउस घेतला तर सोंगटीची भानगडच नाही ना? लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ असतंच. आईसाठी विचारतेय. तिची बोटं संधिवातानं वाकलीत. हॉलमध्ये टीव्हीला छोटा कॉम्प्युटर जोडलाय, ती खुर्चीत बसून मांडीवर पाट घेऊन त्यावर माउस फिरवते आणि कीर्तनं लावते. वायर तिथपर्यंत पोचतच नाही, पोचली तर चालताना पायात येईल. तिच्यासाठी वायरलेस माउस ही चैन नाही, तिला स्वतःच्या हातानं हवं ते लावता येतं ते केवळ यामुळे.

तांब्याची_तार:
ब्लूटूथही २.४ मध्येच बोलतं, पण ते सतत जागा बदलत राहतं आणि जिथे गोंगाट आहे त्या जागा टाळायला शिकतं. आईंसाठी चालेल. दोनच गोष्टी लक्षात ठेवा, झोपी गेलेला माउस जागा व्हायला थोडा वेळ घेतो, तर त्यांना सांगून ठेवा की आधी एक क्लिक करायचं आणि मग हलवायचा, नाहीतर त्या जोरजोरात घासत बसतील आणि बोटं दुखतील. दुसरं, कॉम्प्युटर धातूच्या कपाटात किंवा टीव्हीच्या पाठीमागे चिकटवलेला असेल तर तो बाहेर काढा. आणि क्लिक हलकं लागणारा माउस दुकानात त्यांच्याच हातात देऊन निवडा, ते इथून सांगता येणार नाही.

अळवाचं_पान:
टीव्हीच्या मागेच चिकटवलाय!! आज बाजूला घेते.

धुकं:
नेट बँकिंग करताना वायरलेस वापरू नये असं ऐकलंय, खरं आहे का?

तांब्याची_तार:
२०१६ मध्ये संशोधकांनी दाखवलं होतं, माउसजॅक नाव दिलं होतं त्याला. अनेक कंपन्यांच्या सोंगट्या अशा होत्या की बाहेरच्यानं दुरून माउसचं सोंग घेऊन कीबोर्डच्या चिठ्ठ्या पाठवल्या तर त्या मुकाट स्वीकारायच्या. म्हणजे बाहेरचा माणूस तुमच्या कॉम्प्युटरवर टाइप करू शकायचा. ब्लूटूथला ती अडचण नव्हती. तुमची सोंगटी त्याआधीची असेल तर कंपनीचं अपडेट आहे का बघा, नसेल तर बदला. पासवर्ड ज्यावर टाइप होतो तो कीबोर्ड आहे, त्यामुळे कीबोर्ड वायरलेस असेल तर त्याची काळजी आधी घ्या.

पत्रिकावाला:
मंडळी, दुकान बंद करून लिहितोय, उशीर झाला.

सकाळी सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. आधी हार्डडिस्कवर १८ जीबीचं फोल्डर कॉपीला लावलं आणि गोल काढले. पाच गोल काढले, पाचही गोल असे आले की कुठे सरळ रेघ, कुठे टोक, एक तर त्रिकोणच झाला. मग फक्त हार्डडिस्क काढली. पाच गोल काढले, पाचही गुळगुळीत. परत लावली, परत बिघडले. असं तीनदा केलं कारण माझा विश्वासच बसेना. पोरानं त्या दोन्ही पानांची प्रिंट काढून भिंतीला लावलीय.

मग केबल आणली, काळ्या पोर्टात लावली, सोंगटी मॉनिटरच्या स्टँडला पुढून डबल टेपनं चिकटवली. हार्डडिस्क जागची हलवली नाही, कॉपी चालूच ठेवली, आणि एक फेट्याचं कटिंग घेतलं. तुऱ्याचे बारीक धागे होते, पंचावन्न-साठ नोड असतील. एकदाही उडी नाही. मी शेवटचा नोड टाकून पहिल्याला जोडला आणि खुर्चीत मागे टेकून बसलो, दोन महिन्यांचा राग उतरला.

तार भाऊ, तुमचे उपकार आहेत. कधी सांगलीला आलात तर दुकानी या.

ज्या दुकानदारानं पहिला माउस बदलून दिला होता त्याच्याकडे संध्याकाळी गेलो. त्याला सांगितलं की तुझे दोन्ही माउस चांगले होते, माझ्याच इथे गडबड होती, तू उगीच भुर्दंड सोसलास. दुसऱ्याचे पैसे तर तो परत करून बसला होता. ते दोन्ही अजून त्याच्या ड्रॉवरमध्ये "खराब" असं लिहून पडलेत. दोन्ही मी विकत घेतले. एक पोराच्या मशीनला लावतो. दुसरा, शाळेच्या ताई, तुमच्या सोंगट्या हरवल्यात म्हणालात, लागत असेल तर पत्ता मेसेजमध्ये कळवा, सोंगटीसकट पाठवतो. सेल वेगळा काढून पाठवीन.

शाळेची_घंटा:
दादा, लागतो. मेसेज करते. त्याला तीन निळे टिपके देईन, तो रंग अजून कुणाचा नाही.

जोशीकाका६२:
पत्रिकावाले, मनापासून आनंद झाला. मी वायरचाच वापरणार, पण माझ्या सुनेचा वायरलेस अडकत अडकत चालतो अशी तिची तक्रार आहे. आत्ता जाऊन बघितलं, सोंगटीला चिकटून पेनड्राइव्ह आहे, निळ्या पोर्टात. काढून दुसऱ्या बाजूला लावला. उद्या ती काय म्हणते ते लिहितो.